जाळरेषेवरील वीस जण

फाल्गुन-चैत्रात रानातील पालापाचोळा वाळून खडखडीत झाला म्हणजे सह्याद्रीच्या अथवा सातपुड्याच्या उतारावर रात्री ज्वालांची एखादी वाकडीतिकडी माळ दूरवर दिसू लागते. गावात ओट्यावर बसून पाहणाऱ्यास ते दृश्य रम्यही वाटते. ज्याला हातात हिरवी डहाळी घेऊन ती माळ झोडपून विझविण्यासाठी डोंगर चढावयाचा असतो, त्या वनरक्षकास मात्र तीत रम्य असे काहीच आढळत नाही. वणवा पसरू नये म्हणून आपल्याकडील वनखाते उन्हाळ्यापूर्वीच रानात ठिकठिकाणी गवत काढून व जाळून मोकळे पट्टे तयार करते. त्यांना जाळरेषा म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागात वणवा पेटलेला असताना, त्याच्या अगदी कडेला उभे राहून, हीच जाळरेषा हातांनी खणून काढणाऱ्या माणसांच्या तुकड्या आहेत. त्यांचा एखादा धकाधकीचा हंगाम कसा जातो, ते येथे पाहावयाचे आहे.

या तुकड्यांना तिकडे 'हॉटशॉट' असे नाव आहे. वणव्याच्या सर्वांत तापलेल्या भागात त्यांना काम करावे लागते, म्हणून हे नाव पडले. दक्षिण कॅलिफोर्नियातील सरकारी वनांत १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अशा पहिल्या तुकड्या उभ्या राहिल्या. आज त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. एका तुकडीत साधारणपणे वीस जण असतात. त्यांत स्त्रियाही असतात, पण थोड्या. तुकडीत प्रवेश मिळण्यापूर्वी प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागते. पाठीवर ४५ पौंडांचे, म्हणजे सुमारे २० किलोंचे ओझे घेऊन ३ मैल अंतर ४५ मिनिटांत, न धावता, चालून जावयाचे. ऐकताना ही परीक्षा सोपी वाटते. परंतु आपले दप्तर पाठीवर घेऊन शाळेचे दोन जिने चढताना ज्याला धाप लागते, त्याने या आकड्यांचा जरा विचार करावा. शिवाय हॉटशॉटांच्या दृष्टीने ही केवळ उंबरठ्यावरची परीक्षा होय. खरी परीक्षा पुढे डोंगरावर असते आणि तेथे कोणी घड्याळ लावून बसलेले नसते.

वणव्यांचा हंगाम त्या विस्तीर्ण देशात एका वेळी सर्वत्र येत नाही. मे-जून महिन्यांत तो ॲरिझोना व न्यू मेक्सिको या दक्षिणेकडील कोरड्या राज्यांत सुरू होतो. जुलैमध्ये तेथे पाऊस येतो. त्या पावसाला तिकडेही 'मान्सून' असेच म्हणतात, हे वाचून आपल्याला गंमत वाटेल. मग आग उत्तरेकडे सरकते. जुलै-ऑगस्टमध्ये आयडाहो, माँटाना, ऑरेगॉन, वॉशिंग्टन ही राज्ये पेटतात. आणि शरद ऋतूत, डोंगरांकडून समुद्राकडे कोरडे वारे वाहू लागले म्हणजे कॅलिफोर्नियाची पाळी येते. शेतमजुरांची टोळी जशी सुगीच्या मागोमाग गावोगाव जाते, तशा या तुकड्या आगीच्या मागोमाग राज्याराज्यांतून हिंडतात. एका कामगिरीवर त्यांनी सामान्यतः चौदा दिवस राहावे, मग दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी आणि पुन्हा नव्या आगीवर रुजू व्हावे, असा परिपाठ आहे. कामाचा दिवस पुष्कळदा सोळा तासांचा असतो.

पाण्याच्या बंबाने आग विझविणारी माणसे आपण शहरात पाहतो. त्यामुळे वणवाही पाण्याने विझवीत असतील, अशी आपली समजूत असते. विमानांतून पाणी व लालसर रंगाचे अग्निरोधक द्रव्य टाकतात, हे खरे. पण त्याने आग मंदावते, थांबत नाही. ज्या डोंगरावर रस्ता नाही तेथे पाण्याची गाडी पोहोचणार तरी कशी? म्हणून तेथे आगीला पाण्याने मारण्याऐवजी उपाशी मारावे लागते. आगीला जगण्यासाठी तीन गोष्टी लागतात, उष्णता, प्राणवायू आणि जळण. यांपैकी पहिल्या दोन हजारो एकरांच्या आगीत माणसाच्या आवाक्यात नसतात; तिसरी असते. आगीच्या पुढचे जळण काढून घेणे, हेच जाळरेषेचे सारे शास्त्र.

हे काम कसे चालते, ते पाहू. आरंभ कोठूनही करून चालत नाही. नदी, रस्ता, उघडा कातळ किंवा पूर्वीच जळून गेलेली भूमी अशा, आगीला ओलांडता न येणाऱ्या एखाद्या जागेपासून रेषा सुरू करतात. नाहीतर आग मागून वळसा घालून माणसांच्या पाठीशी येऊन उभी राहावयाची. सर्वांत पुढे यांत्रिक करवत चालविणारे असतात. ते झुडपे व लहान झाडे कापतात आणि प्रत्येकाचा जोडीदार कापलेल्या फांद्या उचलून आगीच्या विरुद्ध बाजूस फेकतो. त्यांच्यामागे हत्यारे घेतलेल्यांची रांग असते. या रांगेतील कोणीही एका जागी उभा राहून खणत नाही. प्रत्येकाने चालता चालता दोन-चार घाव घालावयाचे व पुढे सरकावयाचे. मागच्याने त्याच जागी आणखी दोन-चार घालावयाचे. अशा रीतीने पहिला जो केवळ ओरखडा काढतो, तो शेवटच्या माणसाच्या पावलाखालून जाईपर्यंत दीड ते तीन फूट रुंदीचा स्वच्छ पट्टा झालेला असतो. त्यात पान, मूळ, काडी, कुजलेला पाचोळा यांपैकी काहीही उरता कामा नये. निव्वळ माती दिसली पाहिजे. जमिनीखालून गेलेले एखादे बोटभर जाडीचे मूळ तोडावयाचे राहिले, तर त्या मुळातून आग रात्रभर धुमसत पलीकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी साऱ्यांची मेहनत मातीमोल करते. या कामात कौतुक करण्यासारखे एकच माणूस कोणते, असे विचारल्यास उत्तर देता येत नाही. पहिल्याचे काम अपुरेच असते आणि शेवटच्याला करावयास थोडेच उरते.

त्यांच्या हातातील मुख्य हत्यार मोठे मौजेचे आहे. त्याच्या एका अंगाला कुऱ्हाडीचे पाते व दुसऱ्या अंगाला सुताराच्या वाकसासारखे आडवे पाते असते. एकाने तोडावे, दुसऱ्याने खरवडावे. त्याला 'पुलास्की' म्हणतात आणि या नावामागे एक माणूस उभा आहे. १९१० सालच्या ऑगस्टच्या २० व २१ तारखांना आयडाहो व माँटाना या भागांत वादळी वाऱ्याने शेकडो लहान आगी एकत्र आल्या आणि दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर रान भस्मसात झाले. किमान ८५ माणसे मेली. त्यांत बहुतेक आग विझविणारीच होती. एड पुलास्की हे तेथील एका भागाचे वनाधिकारी होते. चहूबाजूंनी आग आली तेव्हा सुमारे ४५ माणसांना घेऊन ते एका सोडून दिलेल्या खाणीच्या बोगद्यात शिरले. आत धूर कोंडला, माणसे भयाने वेडीपिशी झाली आणि बाहेर पळू लागली. बाहेर मृत्यू निश्चित होता. पुलास्की तोंडाशी पिस्तूल घेऊन उभे राहिले आणि जो बाहेर जाईल त्याला गोळी घालीन, असे त्यांनी बजावले. दाराशी पेट घेणाऱ्या लाकडांवर ते आपल्या टोपीतून पाणी ओतीत राहिले आणि अखेर बेशुद्ध पडले. सकाळी पाच-सहा जण वगळता बाकी सर्व जिवंत होते. पुलास्की यांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना मात्र कायमची इजा झाली. त्यांना लोहारकामाची जाण होती. पुढे त्यांनी घडवून प्रचारात आणलेले हे दुहेरी हत्यार आज शंभर वर्षांनंतरही जाळरेषेवर प्रत्येक तुकडीच्या हाती आहे. त्याच्या सोबतीला, एका बाजूस दंताळे व दुसऱ्या बाजूस फावडे असलेले 'मॅक्लाऊड' नावाचे हत्यार असते. तेही कॅलिफोर्नियातील एका वनाधिकाऱ्यानेच तयार केले.

रेषा खणून झाली म्हणजे काम संपले, असे नाही. रेषा आणि आग यांच्यामध्ये न जळलेले रान उरलेले असते. वारा फिरला तर तेच भडकून रेषेवर उडी घेईल. म्हणून ते आपणच जाळून टाकावयाचे. नळीच्या तोंडातून डिझेल-पेट्रोलचे जळते मिश्रण ठिबकविणारा एक डबा असतो. तो हाती घेऊन एक जण रेषेच्या आतल्या कडेने चालत जातो आणि उरलेले रेषेवर अंतराअंतराने पाठमोरे उभे राहतात. पाठमोरे अशासाठी की, त्यांनी आपण लावलेली आग पाहावयाची नसते. रेषेच्या बाहेरच्या, हिरव्या बाजूस एखादी ठिणगी पडते आहे काय, एवढेच पाहावयाचे असते. मागे ज्वाला गरजत असताना त्यांच्याकडे पाठ करून उभे राहणे, हे खणण्याहून कठीण असावे, असे मला वाटते. काट्याने काटा काढणे ही म्हण आपण सहज वापरतो. तिचा एवढा शब्दशः प्रयोग क्वचितच कोठे होत असेल.

आणि मग येते ते सर्वांत कंटाळवाणे काम. ज्वाला गेल्या तरी राख, बुंधे व मुळे यांत निखारे दडलेले असतात. 'आगीतून उठून फुफाट्यात' असे आपण म्हणतो, त्या फुफाट्यात ही माणसे दिवसचे दिवस घालवितात. हातमोजा काढून, हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन, मग राखेत घालून ऊब शोधावयाची; ऊब लागली की खणून माती कालवावयाची, पाठीवरच्या पिशवीतील थोडके पाणी शिंपडावयाचे आणि पुन्हा हात लावून पाहावयाचे. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती ज्वालांची. हंगामातील पुष्कळसे तास जातात ते या राखेत. आतून जळून पोकळ झालेली उंच झाडे अशा वेळी आवाज न करता कोसळतात आणि माणसे चिरडून मरतात. म्हणून अनुभवी माणूस राखेकडे जेवढा पाहतो, तेवढाच वरही पाहतो.

दिनक्रमाविषयी थोडक्यात सांगतो. पहाटे उठणे, दिवसाच्या हवामानाची व योजनेची माहिती ऐकणे, हत्यारांना कानशीने धार लावणे, मग डोंगर. दिवसाला चार ते सहा हजार कॅलरींचे अन्न पोटात जावे लागते. मोठ्या आगीपाशी तंबूंचे गावच वसते व तेथे गरम जेवण, आंघोळीची सोय असते. पण दूरच्या डोंगरावर असल्यास सैनिकांसारखे पाकिटातील अन्न खाऊन उघड्यावर झोपावे लागते. अंगावर पिवळा सदरा व हिरवी विजार असते. दोन्ही सहजासहजी न पेटणाऱ्या कापडाची असतात, आणि दोन आठवड्यांत दोहोंचा रंग ओळखू येईनासा होतो.

या दिनक्रमात एक गोष्ट मात्र तासातासाला घडते. एक जण दोन तापमापक असलेले लहानसे उपकरण गरगर फिरवितो. एका तापमापकाचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळलेला, दुसऱ्याचा कोरडा. दोहोंतील फरकावरून हवेतील आर्द्रता काढतात, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो आणि पुष्कळदा परीक्षेनंतर विसरतो. तेथे ते विसरून चालत नाही. सकाळी दरीत थंड, जड हवा साचलेली असते आणि तिच्यावर उबदार हवेचे जणू झाकण बसलेले असते. त्यामुळे धूर कोंडतो, पण आगही निपचित पडते. ऊन चढले की झाकण उघडते, धूर वर जातो, आकाश निळे दिसू लागते. नवशिक्याला वाटते, बरे झाले. जाणता सावध होतो. आता आर्द्रता उतरेल, वारा दरीतून वर वाहू लागेल आणि आग चढणीला लागेल. उतारावर ज्वाळा वरच्या गवताकडे कललेली असते आणि पोहोचण्यापूर्वीच त्याला तापवून ठेवते. म्हणून माणूस चढण चढताना मंदावतो आणि आग चढण चढताना वेग घेते. या एका वाक्यात या धंद्यातील पुष्कळ मृत्यूंचे कारण आलेले आहे.

माँटाना राज्यात मिसुरी नदीच्या काठी मॅन गल्च नावाची एक घळ आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी तेथे लागलेल्या एका लहानशा आगीवर छत्रीधारी अग्निशामकांची तुकडी उतरली. एकंदर पंधरा जण, आणि त्यांना येऊन मिळालेला एक वनरक्षक. त्यांपैकी बहुतेक तरुण होते. एक तर अवघा सतरा वर्षांचा होता. आग पलीकडच्या उतारावर आहे, अशा समजुतीने ते नदीकडे उतरत होते. तोच वाऱ्याने आग घळीच्या तळाशी, त्यांच्या पुढ्यातच येऊन पडली. नायक वॅगनर डॉज यांनी तुकडी मागे वळविली आणि सारे चढणीवर पळू लागले. काही मिनिटांत डॉज यांच्या ध्यानात आले की, आग आपल्याला गाठणार. त्यांनी हत्यारे टाकून देण्याचा हुकूम दिला. आणि मग त्यांनी जे केले ते पाहून मागून येणाऱ्यांना, हा मनुष्य भ्रमिष्ट झाला की काय, असे वाटले असल्यास नवल नाही. त्यांनी काडी ओढली आणि आपल्याच समोरच्या गवताला आग लावली. ते गवत भराभर जळून वर गेले. मागे उरलेल्या काळ्या राखेत ते शिरले आणि ओला रुमाल तोंडाला लावून पालथे पडले. जे जळून गेले ते पुन्हा जळत नाही! आत या, म्हणून त्यांनी माणसांना खुणावले, हाका मारल्या. एकही आला नाही. दोघे जण वरच्या कड्याच्या फटीतून निसटले. तेरा जणांचा मृत्यू झाला. मोठी आग डॉज यांच्या बाजूंनी निघून गेली आणि ते राखेतून उठून उभे राहिले.

गवताळ मैदानांतील रहिवाशांना ही युक्ती पूर्वीपासून ठाऊक होती. डॉज यांना ती त्या क्षणी सुचली. परंतु जी गोष्ट पूर्वी कधी सांगितलेली नाही, ती मरणाच्या दारात केवळ खुणेने सांगून पटणार कशी? त्या तरुणांना दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. नायक व तुकडी यांचा परस्परांशी परिचयही थोडाच होता. वीस जणांनी सहा महिने एकत्र धावणे, खाणे, झोपणे या हॉटशॉट-पद्धतीचा अर्थ येथे कळतो. ज्याच्याबरोबर शंभर दिवस खणले, त्याचा विचित्र हुकूमही माणूस एकदा तरी ऐकून पाहतो.

हत्यारे टाकण्याचा प्रश्नही वाटतो तेवढा सोपा नाही. ६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडो राज्यात एका डोंगरावर चौदा जण अशाच चढणीवरच्या आगीत सापडून मृत्यू पावले. त्यांपैकी काहींनी अखेरपर्यंत हत्यारे व पाठीवरचे ओझे सोडलेले नव्हते. ओझे टाकले असते तर काही जण कदाचित वाचले असते, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. मग त्यांनी ते का टाकले नाही? ज्या वस्तूची निगा राखावयास महिनोन्महिने शिकविले, जिच्यामुळे आपण या तुकडीतले ठरतो, ती फेकून देणे म्हणजे आपण हरलो हे आपल्याच तोंडाने कबूल करणे होय. आणि माणसाला पळतानाही ते जड जाते. आता ओझे फेकून पळण्याचीही तालीम देतात.

प्रत्येक दुर्घटनेनंतर या लोकांनी काहीतरी लिहून ठेवले. १९५७ मध्ये दहा हुकूम तयार झाले. हवामानाची माहिती ठेवा, आग काय करते आहे ते नेहमी जाणून असा, सुटकेच्या वाटा आखा व सर्वांना माहीत करा, अशा स्वरूपाचे ते आहेत. पॉल ग्लीसन नावाच्या हॉटशॉट नायकाने १९९१ साली त्यांचे सार चार शब्दांत आणले: टेहळ्या, संदेश, सुटकेची वाट, सुरक्षित जागा. यांपैकी एक जरी नसेल तरी हत्यार हाती घ्यावयाचे नाही. सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे पुष्कळदा आधी जळून गेलेले रान. म्हणून 'एक पाय काळ्यात ठेवून काम करा' असे ते आपसांत म्हणतात. मला विशेष वाटते ते याच्याही पलीकडच्या एका नियमाचे. दिलेली कामगिरी असुरक्षित वाटल्यास ती नाकारण्याचा अधिकार तुकडीला आहे. मात्र नुसते 'नाही' म्हणून भागत नाही. का नाही, आणि त्याऐवजी काय करता येईल, हेही सांगावे लागते. दिवसाच्या अखेरीस सारे वर्तुळ करून बसतात. काय ठरले होते, काय घडले, का घडले, उद्या काय बदलावयाचे, यावर बोलतात. पहिल्याच हंगामाला आलेला पोरगाही नायकाची चूक दाखवू शकतो. आमच्या शाळांतून आम्ही कवायत पुष्कळ शिकविली. 'सर, हा हुकूम मला पटत नाही, आणि त्याचे कारण असे' हे कसे म्हणावे, ते मात्र फारसे शिकविले नाही.

नियम असूनही सर्व काही टळत नाही. प्रत्येकाच्या कमरेला अथवा पिशवीत चांदीसारख्या चकाकणाऱ्या पातळ पत्र्याच्या अस्तराचा एक घडीचा तंबू असतो. सुटका नसेल तेव्हा त्यात शिरून जमिनीला चिकटून पडावयाचे. दुरून येणारी धग तो परतवितो. प्रत्यक्ष ज्वाळा भिडली तर टिकत नाही. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल येथे 'ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट' या तुकडीचे एकोणीस जण वादळी वाऱ्याने फिरलेल्या आगीत अशाच तंबूंखाली मृत्यू पावले. विसावा वाचला, कारण तो त्या दिवशी टेहळणीसाठी दुसरीकडे होता.

धकाधकीचा हंगाम म्हणजे काय, याचे उदाहरण हवे असेल तर २०२० सालाकडे पाहावे. त्या वर्षी ऑगस्टच्या मध्यास उत्तर कॅलिफोर्नियावर पावसाविनाच विजांचे तांडव झाले. हजारो विजा पडल्या आणि एकाच वेळी शेकडो ठिकाणी रान पेटले. त्यांपैकी मेंडोसिनो व आसपासच्या वनांतील ३८ आगी एकमेकींना मिळत गेल्या आणि त्यांची एक आग झाली. तिने दहा लाख एकरांहून अधिक प्रदेश व्यापला; मुंबई शहर व उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे होतात, त्याच्या जवळजवळ सातपट! ९ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्को शहरात धुरामुळे भर दिवसा आकाश नारिंगी झाले आणि दुपारी दिवे लावावे लागले. देशातील आगींचा ताण एक ते पाच अशा आकड्यांनी मोजतात. ऑगस्टच्या मध्यासच तो पाचावर गेला होता. अशा वेळी आगी पुष्कळ आणि तुकड्या थोड्या, अशी स्थिती होते. वीस तुकड्या हव्यात तेथे दोन येतात आणि कोणते गाव राखावे व कोणते रान जळू द्यावे, याचा निर्णय कोणाला तरी करावा लागतो. त्यातच कोविडची साथ होती. प्रत्येक तुकडीला एका कुटुंबासारखे इतरांपासून वेगळे राहावे लागले. सैनिक बोलाविले गेले, कॅनडा व मेक्सिको येथून माणसे आली. कॅलिफोर्नियात तुरुंगातील बंदिवानांच्याही तुकड्या कित्येक दशके हे काम करीत आल्या आहेत. सुटून आल्यावर त्याच कामाची नोकरी मिळणे मात्र त्यांना आपल्या गुन्ह्याच्या नोंदीमुळे दुर्घट होत असे. त्याच वर्षी सप्टेंबरात झालेल्या एका कायद्याने ही अडचण काही अंशी दूर झाली. वर्षअखेर त्या एका राज्यात ४० लाख एकरांहून अधिक प्रदेश जळलेला होता.

एवढ्या मोठ्या आगी का लागू लागल्या? उन्हाळे अधिक तापू लागले आहेत, हे एक कारण. दुसरे कारण माणसाच्या सद्हेतूतच आहे. १९१० च्या वणव्याने हादरलेल्या वनखात्याने पुढे प्रत्येक आग विझविण्याचा चंग बांधला. १९३५ मध्ये तर, आग दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. त्यापूर्वी कारुक, युरोक इत्यादी तेथील मूळ रहिवासी जमाती ठरावीक ऋतूत रानाला बेतशीर, लहान आगी लावीत असत आणि त्यामुळे तळाचा पालापाचोळा साचत नसे. ही चालही सरकारने बंद पाडली. परिणामी दरवर्षीचे थोडे थोडे जळण दशकानुदशके रानात साठत गेले. सावकाराचे कर्ज फेडण्याचे पुढे ढकलीत गेल्यासारखेच ते झाले. १९७० नंतरच्या दशकात तो दंडक सोडून देण्यात आला आणि आता हॉटशॉटांच्या तुकड्या हंगामाच्या आगेमागे स्वतःच रानात नियंत्रित आगी लावतात. कोठे कोठे त्या कामात जुन्या जमातींची जाणती माणसे त्यांना वाट दाखवितात.

या कष्टांचा मोबदला काय मिळतो, असा प्रश्न कोणीही विचारील. २०२१ पूर्वी मध्यवर्ती सरकारच्या सेवेतील नव्या अग्निशामकाचा पगार तासाला १५ डॉलरांहूनही कमी असे आणि कागदोपत्री त्याचा हुद्दा 'अग्निशामक' असा नसून 'वनतंत्रज्ञ' असा असे. पोटापुरते मिळते ते जादा तासांच्या कामामुळे. म्हणजे ज्या वर्षी रान अधिक जळेल, त्या वर्षी घरी अधिक पैसा जावयाचा. २०२१ च्या कायद्याने तात्पुरती वाढ दिली व २०२५ मध्ये ती कायम झाली. धुराचा हिशेब अजून व्हावयाचा आहे. जाळरेषेवरील माणूस तोंडाला बहुधा साधा रुमाल बांधतो आणि धुरातील सूक्ष्म कण रुमालाने अडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून नोंदविला आहे.

कोणत्याही मोठ्या वणव्याचा शेवट बहुधा माणसाच्या हातून होत नाही; तो शरदातील पहिल्या दमदार पावसाने किंवा हिमवर्षावाने होतो. तोवर त्याला ठरावीक रेषेच्या आत धरून ठेवणे एवढेच माणसाचे काम. ऑगस्टात पेटलेली ती दहा लाख एकरांची आग २०२० च्या नोव्हेंबरात पूर्ण आटोक्यात आली. त्या सुमारास तुकड्या आपापल्या ठाण्यावर परततात. पुलास्कीचे दांडे घासून गुळगुळीत करतात, त्यांना तेल पाजतात, पात्यांना धार लावून ती भिंतीवर ओळीने टांगतात. मग तुकडी फुटते. कोणी महाविद्यालयात परत जातो, कोणी हिवाळ्यापुरती दुसरी नोकरी धरतो, कोणी नुसता झोपतो. वसंत ऋतूत ठाण्याचे दार पुन्हा उघडते तेव्हा वीसांपैकी काही चेहरे नवे असतात. आणि पहिल्याच सकाळी पाठीवर वीस किलोंचे ओझे घेऊन सगळे तीन मैलांच्या वाटेला लागतात.